तिसरं

एल्डन मियाशिरोच्या कारखान्यात वाद्याला हात लावण्याआधी
हात धुवावे लागतात.
मी धुतले, साबण दोनदा लावून,
जणू चौतीस वर्षांच्या ब्लीचचा वास
अजून नखांत असेल.

टेबलावर फ्लॅनेलचं कापड, त्यावर तीन युकुलेले.
तिन्ही कॉन्सर्ट मापाची,
ना कुक्कुलं बाळ, ना धटिंगण,
कोपराच्या खोबणीत बसतील एवढी.
"आधी ऐक, किंमत नंतर," एल्डन म्हणाला,
पण चिठ्ठ्या उलट्या ठेवायला विसरला होता,
आणि माझी नजर पहिली तिथेच गेली.
नजर तरी काय करणार, तिला तीच सवय.

पहिलं आंब्याच्या लाकडाचं.
पुनाच्या रस्त्यावर वादळात आडवं झालेलं झाड,
फळ्या होऊन सात वर्षं सुकत पडलेलं.
आवाज मोकळाढाकळा, लपवाछपवी नाही.
माझ्या भावाला आवडलं असतं.
भावाला सगळंच आवडायचं.

दुसऱ्याची तबली देवदाराची, अंग कोआचं.
छेडलं की सूर लगेच पुढ्यात हजर,
नव्या वेटरसारखा,
आणि तितक्याच लगबगीने परत आत.
"वाजवत राहा, दोनेक वर्षांत उघडेल."
एकसष्टाव्या वर्षी मला हे सांगतोय!
मी हसले. तोही हसला, जरा उशिरा.

मग तिसरं.
काय सांगू.
कोआच, पण असला, की लाकूड हलतंय असं वाटावं.
तिरपं धरलं की सोनं डावीकडे सरकतं,
सरळ केलं की माघारी येतं.
कडेने शिंपल्याची बारीक किनार.
पाठीला एकाच खोडाची दोन पानं
पुस्तकासारखी उघडून जोडलेली,
जोड नखालाही लागत नाही.
मी नख फिरवून पाहिलं.
मला शिवण कळते, चुणी कळते.
कोनाच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलात
रोज दोनशे चादरी, प्रत्येकीचे चार कोपरे,
आणि त्यातल्या एकाही चादरीवर मी झोपले नाही.

एल्डनची भाची नोहेआ दारात उभी होती,
हातात पॉलिशचा बोळा.
"आंटी, आंब्याचंच घ्या," ती म्हणाली.
"ते तुमच्यासारखं आहे. साधं."
चांगल्या मनानेच म्हणाली.
मला कुठेतरी लागलं.

साधं मी जन्मभर घेतलंय.
निम्म्या दरातली डागी केळी,
चोच फुटलेली किटली,
दुसरीच्या मापाचा गणवेश, कमरेला पिन.
माझं पहिलं युकुलेलेही प्लायवूडचं,
पर्यटकांच्या दुकानातलं, त्यावर ताडाचं झाड रंगवलेलं.
त्याच्यावर चाळीस वर्षं लग्नं वाजवली, मयतंही.
त्याच्याबद्दल तक्रार नाही.
पण ते मी निवडलं नव्हतं,
ते मला परवडलं होतं.

बोटांचे सांधे हल्ली सकाळी कुरकुरतात.
तिसऱ्याच्या पाचव्या पडद्यावर मी करंगळी टेकवली,
दाबली असं म्हणवणार नाही, टेकवलीच,
आणि तार छेडली.
भिंतीवर हवेतला ओलावा मोजणारी तबकडी होती,
काटा पन्नासवर. मी काट्याकडे बघत राहिले.
सूर होता.
होता.
बाहेरून ट्रक गेला तेव्हा कळलं, संपलाय.

खरं सांगायचं तर आंब्याचा आवाज
किंचित जास्त गोड होता.
एल्डनला ते ठाऊक होतं.
तो बोलला नाही, मीही नाही.

पैसे उशीच्या अभ्र्यात आणले होते
(हॉटेलच्या नव्हे, माझ्या),
सगळ्या विसाच्या नोटा. मोजताना नोहेआ दोनदा चुकली.
मध्येच एल्डन म्हणाला, "आठवडाभर घरी ने,
मन बदललं तर आणून दे."
"बदलेलच ते," मी म्हटलं.
"म्हणून तर आज घेतेय."

बसमध्ये पेटी मांडीवर.
शेजारच्याने विचारलं, काय आहे यात?
"चादरी," मी म्हटलं.
पापाइकोऊच्या उतारावर बस खड्ड्यात आदळली
आणि आतून चारही तारा एकदम, दबक्या आवाजात.
त्याने माझ्याकडे पाहिलं.
मी खिडकीबाहेर.